अमेरिकेतल्या अँड्र्यू मेलनने आपली चित्रं देशाला दिली ती दानत म्हणून की कर चुकवायला? आणि राजदूत म्हणून तो कसा होता?

दानत होतीच. कर वाचला असेल तर वाचला, त्याने दान खोटं ठरत नाही. इतकं ठासून लिहितो, कारण हाच आरोप माझ्या वडिलांवर झाला आणि तो मला आजही सहन होत नाही.

आधी मेलन. पिट्सबर्गच्या घरच्या बँकेत वाढलेला, पुढे ॲल्युमिनियम आणि तेलात पैसा घातलेला माणूस. 1921 पासून 1932 पर्यंत अमेरिकेचा अर्थमंत्री. सोव्हिएत सरकारने परकीय चलनासाठी लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयातली चित्रं गुपचूप विकायला काढली, तेव्हा 1930-31 मध्ये त्याने 21 घेतली. राफाएलची एक मॅडोनाच 11 लाख डॉलरच्या वर गेली. त्यातली काही ट्रस्टला देऊन त्याने करात वजावट मागितली. रुझवेल्ट सरकारने 30 लाखांहून अधिक डॉलरची बाकी काढून दावा लावला. दावा चालू असतानाच, डिसेंबर 1936 मध्ये, त्याने रुझवेल्टलाच पत्र लिहून चित्रं आणि इमारतीचा खर्च देशाला देऊ केला. ऑगस्ट 1937 मध्ये तो वारला. त्याने फसवणूक केलेली नाही, हा निकाल त्यानंतर डिसेंबरात लागला. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी 1941 मध्ये उघडली. तिला आपलं नाव द्यायचं नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं, म्हणजे इतरही देतील. आणि क्रेस, वाइडनर या संग्राहकांनी आपले संग्रह दिलेच.

आमच्या बाबांचं नेमकं हेच म्हणणं होतं, आणि त्यांनी मेलनचं नावही ऐकलं नसेल. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात रस्त्यालगतचं भरड, म्हणजे पडीक जमीन, त्यांनी वाचनालयाला दिलं. अट एकच, घराण्याचं नाव कुठेही नको. नाव लागलं की गाव म्हणतो, त्यांचं आहे, तेच बघतील. नाव नव्हतं म्हणून एका वाड्याने चिरे दिले, दुसऱ्याने कपाटं, देवस्थानाने पंखे.

पुढे कौलं गळायला लागली. खाणीच्या ट्रकांवर पैसा केलेले एक गृहस्थ सगळा खर्च करायला तयार झाले, पण दारावर त्यांच्या आईचं नाव हवं. मी सभेत विरोध केला. तेव्हा माझा चुलतभाऊच उठला: "काकांनी तरी काय दिलं? कुळकायद्यात जाणारीच जमीन होती." सभेत एकजण बोलला नाही. पुढच्या सभेला मी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा नेऊन टेबलावर ठेवला. कुळाचा रकाना कोरा. त्या भरडावर गवताशिवाय काही उगवत नव्हतं, कूळ येणार कुठून? तो म्हणाला, तेव्हाच्या नोंदी धड नव्हत्या. बोर्ड लागला. त्यानंतर मासिकांच्या वर्गणीसाठी फिरलो तर दारादारांत ऐकलं, "तांचेकडेन मागात, जांचो बोर्ड आसा."

म्हणून सांगतो, दात्याचा कर किती वाचला हे मागाहून मोजा. मी आयुष्य बँकेत काढलं. वजावट मिळते म्हणून देणारे पाहिले, वजावट मिळत असूनही दमडी न सोडणारे त्याहून जास्त पाहिले.

मेलन संत होता असं मात्र मी म्हणत नाही. श्रीमंतांचे कर त्यानेच उतरवले, आणि महामंदीत त्याची धोरणं लोकांना जाचली. फसवणुकीतून सुटला तरी थोडा कर त्याच्या नावे निघालाच. गॅलरीसमोर त्याच्या स्मरणार्थ कारंजंही आहे, पण ते नंतर इतरांनी उभारलं.

राजदूतपदाचं विचाराल तर जेमतेम एक वर्ष, 1932-33, लंडनला. अमेरिकेच्या संसदेत त्याच्यावर महाभियोगाची मागणी झाली आणि लगेच त्याची तिकडे नेमणूक झाली. त्यातून काय ते समजा.

चुलतभाऊ हे वाचणार, मला माहीत आहे. उताऱ्याची प्रत वाचनालयाच्या दुसऱ्या कपाटात आहे, सर्व्हे नंबरासकट. ती बघावी आणि मग काकांबद्दल बोलावं.