‘लाइव्ह डेटा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: मुक्त शैक्षणिक संसाधनांसाठी (म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि पुन्हा वाटता येणारं शिकण्या-शिकवण्याचं साहित्य) ‘लाइव्ह डेटा’च्या आधारे धोरणविषयक मार्गदर्शन तयार करायचं आहे, तर मराठी मसुद्यात ‘थेट विदा’ लिहावं की ‘जिवंत विदा’?

मला दोन्ही पटत नाहीत. ‘थेट प्रक्षेपण’ ठीक आहे, कारण घडतंय ते त्याच क्षणी दिसतं. पण ‘थेट माहिती’ म्हटलं की ती मध्यस्थाविना मिळाली, असा अर्थ आधी डोक्यात येतो. ‘जिवंत’ हा शब्द मात्र मला फार आवडतो. जिवंत झरा, जिवंत पाण्याची विहीर: आतून भर पडत राहते, हा नेमका हवा तोच अर्थ. तरीही धोरणाच्या कागदावर ‘जिवंत विदा’ वाचताना माणूस अडखळतो, शिवाय ‘विदा’ला निरोपाची छटा आहेच.

मी ‘चालू नोंदी’ असं लिहीन. चालू खातं म्हणजे ज्यात अजून व्यवहार होतात ते. आजचं आणि पुढे सुरू राहणारं, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात येतात. ‘ताजी आकडेवारी’त फक्त पहिला येतो. शिवाय इथला डेटा निव्वळ आकड्यांचा नसतो. कोणत्या संस्थेचं धोरण आहे, कोणता परवाना सक्तीचा आहे, असा मजकूरही त्यात असतो. ‘ओईआर वर्ल्ड मॅप’ या मुक्त शैक्षणिक संसाधनांच्या (इंग्रजीत ‘ओईआर’) ऑनलाइन जागतिक नकाशावर जगभरचे लोक अशाच नोंदी भरत. तो २०२२मध्ये बंद झाला, तेव्हा नोंदी चालू राहिल्या नाहीत. म्हणून मसुद्यात ‘अनेक देशांनी धोरण स्वीकारलं आहे’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक तारखेच्या नोंदींनुसार’ असं लिहा. चालू नोंदींवरचं विधान तारखेशिवाय लंगडं पडतं.

आता ‘मुक्त’. हा शब्द रूढ झालाय, तो ठेवावा. पण ‘करमुक्त’, ‘रोगमुक्त’ यांच्या चालीवर ‘प्रताधिकारमुक्त’ (कॉपीराइट नसलेलं) लिहिण्याचा मोह होतो, तो टाळाच. युनेस्कोच्या २०१९च्या शिफारशीतल्या व्याख्येत सार्वजनिक मालकीचं साहित्य आहे, तसंच प्रताधिकार कायम असलेलं, पण मुक्त परवान्याखाली दिलेलंही आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावला म्हणून लेखकाचा हक्क संपत नाही. त्या परवान्यानं लेखक वापराची परवानगी आधीच देऊन ठेवतो, एवढंच. ‘मोफत’ तर त्याहून चुकीचं. एखादं पुस्तक फुकट उतरवून घेता येतं, पण त्यातला धडा बदलून, भाषांतरित करून पुन्हा वाटायची मुभा नसते. असं पुस्तक मोफत खरं, पण मुक्त नव्हे. हा फरक मसुद्यात पुसला गेला, तर शिक्षक नकळत परवाना मोडतील.

‘धोरणात्मक मार्गदर्शन’ही नको, त्यातून ‘डावपेचांचं’ मार्गदर्शन असा वास येतो. ‘धोरण आखणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका’ हे सरळ आहे. ‘निर्देश’ म्हणू नका, त्यात आज्ञा आहे. वर आलेला युनेस्कोचा दस्तऐवज ही ‘शिफारस’ आहे, सदस्य देशांना कायद्यानं बांधणारा करार नव्हे; मराठीत तोच शब्द राहू द्या.

सगळं जोडून शीर्षक असं होईल: ‘मुक्त शैक्षणिक संसाधने: चालू नोंदींच्या आधारे धोरण-मार्गदर्शिका’. ‘संसाधने’ जड वाटलं, तर ‘साहित्य’ चालेल. मात्र संपूर्ण मसुद्यात एकच ठेवा.