लांबलेली नॅरोबोट आणि पुढचा हप्ता

प्रश्न : इंग्लंडमधील कालव्यांवर राहण्यासाठी आम्ही नॅरोबोट, म्हणजे कालव्यांत चालणारी अरुंद, लांबट बोट, बांधायला दिली आहे. ताबा देण्याची तारीख केव्हाच उलटली, तरी कारखाना पुढचा हप्ता मागत आहे. तो द्यावा का?

उत्तर : कारखान्यात स्वतः जाऊन काम पाहिल्याशिवाय देऊ नये. हप्ता तारखेशी नव्हे, तर पूर्ण झालेल्या टप्प्याशी बांधलेला असावा : तळाचा साधारण १० मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा व बाजू जोडून झाल्या, इंजिन बसले, आतील लाकूडकाम संपले, असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पैसे भरलेल्या भागाची व साहित्याची मालकी लगेच तुमच्याकडे येते असे कलम करारात आहे का, हे पाहावे. कारण कारखाना दिवाळखोरीत गेला आणि सांगाडा त्याच्याच मालकीचा असला, तर तुम्ही इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहाल. सांगाड्याची तपासणी स्वतंत्र सर्वेक्षकाकडून करून घ्यावी. हा खर्च टाळणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. नवी तारीख लेखी मागावी. दरम्यान आराखड्यात बदल सुचवू नयेत, कारण प्रत्येक बदल विलंबाला आयते निमित्त पुरवतो. राहते घर मात्र बोट पाण्यात उतरेपर्यंत सोडू नये.