ऑफ-रोड गाडी सस्पेन्शनमधून दोन इंच उंच करून घेतल्यापासून मागून ठक् आवाज येतो आणि गाडी थरथरते. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांच्या अ‍ॅक्सलला फिरणं पोचवणारी लांब नळी) घरी बदलता येईल का?

बदलता येईल, चांगले पाने आणि मोकळी दुपार हवी. पण तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. क्लच सोडताना येणारा ठक् आवाज बहुतेक क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाचा, अधिक चिन्हासारखा वळता सांधा) किंवा स्प्लाइनच्या (शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकतात तिथले लांब दाते) ढिलेपणाचा असतो. थरथर गाडी उंच केल्यावर सुरू झाली असेल, तर मला आधी शाफ्टच्या कोनाची शंका येते, आणि तशी थरथर नुसता नवा शाफ्ट टाकून जात नाही.

तिरका बसलेला एक क्रॉस फिरणं एकसारखं पुढे देत नाही. दहा अंशांच्या कोनात आत मिनिटाला १००० फेरे जात असतील, तर बाहेरचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा ९८५ ते १०१५ असा खालीवर होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही ओढाताण खोडून काढतो, पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे) एका रेषेत असतील तरच.

ही रेष मी एकदा चुकवलीये. शाफ्ट साफ करायला स्लिप जॉइंटचे (स्प्लाइनवर आतबाहेर सरकणारा जोड) दोन तुकडे वेगळे केले आणि खुणा न करताच परत जोडले. नंतर वेग वाढला की सीटखाली गुरगुर. टायर तपासले, बॅलन्सिंग करून घेतलं, काही फरक नाही. शेवटी गाडीखाली पडून शाफ्टच्या लांबीकडे एका टोकाने नजर लावली, तेव्हा दोन योकांचे कान एकमेकांपासून जरासे फिरलेले दिसले. एका दात्याची चूक! म्हणून पाना हातात घेण्याआधी वायर ब्रशने घाण काढा आणि फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टने जिथे बसतो ती चकती) जोडावर, तसंच स्लिप जॉइंटच्या दोन्ही तुकड्यांवर आडवी जाईल अशी रंगाची रेघ ओढा. पूर्ण शाफ्ट नवा असला तरी योक रेषेत आहेत का ते बघूनच बसवा.

आता कळकळीने सांगतो: मागचा शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मागच्या चाकांवर अडत नाही. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरसारख्या काही गाड्यांत हँडब्रेकसुद्धा ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारी पेटी) मागच्या बाजूला असतो, म्हणजे शाफ्टसोबत तोही गेला. सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि गाडी जॅकने उचलली असेल तर भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जाऊ नका.

लांबी मात्र गाडी चारही चाकांवर उभी असताना मोजा, फ्लँजपासून फ्लँजपर्यंत. जॅकने उचललेल्या गाडीत अ‍ॅक्सल खाली लोंबतो, म्हणून हे अंतर वाढलेलं असतं. अ‍ॅक्सल पूर्ण लोंबला तरी स्प्लाइन पुरेशी आत राहिली पाहिजे, आणि पूर्ण दाबला तरी ती तळाला टेकता कामा नये. इथे कसर राहिली तर भार ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर येतो.

नळी वाकलेली नसेल, तिला खोक नसेल आणि स्प्लाइन घट्ट असेल, तर फक्त क्रॉस बदलून भागतं. कपाच्या (क्रॉसच्या प्रत्येक टोकावरची, आत बारीक सुयांचं बेअरिंग असलेली टोपी) कडेला तांबूस भुकटी दिसली की आतलं ग्रीस संपलंय असं समजा. नवा क्रॉस दाबताना एखादी बारीक सुई आडवी पडते आणि कप थोडा बाहेर राहतो. सर्क्लिपची (कप जागेवर धरणारी कडी) खाच पूर्ण दिसत नसेल तर हातोडा मारू नका. कप काढा आणि सुया ग्रीसने चिकटवून पुन्हा लावा.

बसवताना नट-बोल्ट नवे आणि त्याच ग्रेडचे घ्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा. क्रॉसला चारही कपांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत पंप करा. स्लिप जॉइंटला बेतानेच, कारण ठासून भरलं तर तो आत सरकत नाही. थोडं चालवून झाल्यावर बोल्ट परत तपासा.

एवढ्यानेही थरथर राहिली तर दोन्ही टोकांचे कोन मोजा. साध्या शाफ्टला पिनियन (अ‍ॅक्सलमध्ये जाणारा दांडा) आणि ट्रान्सफर केसची आउटपुट समांतर हवी. वरच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट (दोन क्रॉस जवळजवळ असलेला सांधा) असेल तर पिनियन जवळजवळ सरळ शाफ्टच्याच दिशेने हवा. हा कोन अ‍ॅक्सलखाली पाचरी घालून किंवा खालचे आर्म बदलून जुळवता येतो. मोजलेले आकडे इथे टाका, मी बघून सांगतो.