अन्ननलिकेत गाठ आहे, पण बायोप्सी नॉर्मल आली. कॅन्सरची शंका मिटली का?

तुम्ही विचारलंय की एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात 12 मिमीची 'सबएपिथेलियल' गाठ दिसली, बायोप्सी नॉर्मल आली, मग आता निर्धास्त राहायचं का?

माझ्या मते एवढ्या रिपोर्टवर नाही. घाबरण्यासारखंही काही दिसत नाही, कारण या आकाराच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण सबएपिथेलियल म्हणजे गाठ अस्तराच्या खाली आहे आणि बायोप्सीचा चिमटा वरवरचाच छोटा तुकडा उचलतो. अनेकदा तो गाठीपर्यंत पोचतच नाही.

पुढची तपासणी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडची, म्हणजे एंडोस्कोपीच्या नळीतून आतून केलेल्या सोनोग्राफीची. गाठ भिंतीच्या कोणत्या थरातून निघाली हे त्यात दिसतं. चौथ्या, म्हणजे स्नायूच्या थरातली, एकसारखी गडद, रेखीव कडांची असेल तर बहुधा लायोमायोमा, म्हणजे स्नायूची साधी गाठ. तिचा कॅन्सर होणं अगदीच अपवादात्मक. अशा गाठीवर पुन्हा पुन्हा खोल चिमटे घेऊ देऊ नका: व्रण होऊन अस्तर गाठीला चिकटतं आणि पुढे गाठ सोलून काढायची वेळ आली तर फाटतं.

मेख अशी की जिस्टही (GIST, पचनमार्गाच्या भिंतीतली, घातक होऊ शकणारी गाठ) अल्ट्रासाउंडवर तशीच दिसते. अन्ननलिकेत ती दुर्मिळ, पण धोका तिचाच जास्त. शंका असेल तर अल्ट्रासाउंड बघत सुईने नमुना घेतात. लॅबमध्ये त्या नमुन्यातल्या पेशींची ओळख पटवणारी प्रथिनं तपासतात. त्यातली सीडी117 आणि डॉग1 पॉझिटिव्ह आली तर जिस्ट. ती निगेटिव्ह आणि डेस्मिन हे स्नायूचं प्रथिन पॉझिटिव्ह असेल तर लायोमायोमा.

दुसऱ्या-तिसऱ्या थरातली, म्हणजे अस्तराच्या लगतची, पिवळसर, दाढेसारखी दिसणारी, टणक गाठ ग्रॅन्युलर सेल ट्यूमर (मज्जातंतूंच्या आवरणातल्या पेशींची गाठ) असू शकते. तिच्यात एस-100 हे प्रथिन पॉझिटिव्ह येतं. साधारण शंभरात एक-दोनच घातक, त्याही बहुधा 4 सेंमीपेक्षा मोठ्या किंवा भराभर वाढणाऱ्या. हिच्यावरचं अस्तर कधीकधी इतकं जाड होतं की वरवरच्या तुकड्यात स्क्वॅमस कॅन्सरचा, म्हणजे अस्तराच्याच कॅन्सरचा, भास होतो. म्हणून अशा गाठीवर 'कॅन्सर' असा रिपोर्ट आला, तर ऑपरेशनआधी स्लाइड्स पचनसंस्थेच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाच.



रिपोर्टमध्ये चार गोष्टी लिहून मागा: आकार, पुढच्या दातांपासूनचं अंतर, थर, कडा. फोटोही जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच होते. गिळताना अडकायला लागलं, वजन घटलं, शौचाला काळी झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.