‘मी पडले तर त्याचेही गुण जातील’

पत्र, थोडक्यात: ‘मी मूळची मिरजेची, गेली अठरा वर्षं नागोयात. नवरा जपानी. मुलगी पंधरा वर्षांची, माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला. सहाव्या वर्षापासून फिगर स्केटिंग करते, एकेरीत. दोन वर्षं झाली, ट्रिपल फ्लिप आणि लुट्झ (हवेत तीन गिरक्या घ्यायच्या उड्या) काही बसत नाहीत. तिच्याहून लहान मुली पुढे निघून गेल्या. आता कोच म्हणतात, हिची उंची १४८ सेंटिमीटर, घाबरत नाही, हिनं पेअरची, म्हणजे मुलाबरोबर जोडीनं स्केटिंगची, ट्रायआउट (चाचणी) द्यावी. एकोणीस वर्षांचा एक मुलगा जोडीदार शोधतोय, तो कॅनडात वाढलाय, आई जपानी. नवरा म्हणतो, आधी हायस्कूलची प्रवेश परीक्षा. मिरजेहून माझी आई म्हणते, मुलीला उचलून फेकतात तो कसला खेळ? आणि मुलगी म्हणते, एकटी पडले तर माझेच गुण जातात, जोडीत मी पडले तर त्याचेही जातील. काय करू?’

ताई,

पत्रात तुम्ही नवऱ्याचं म्हणणं पान भरून लिहिलंय, आईचं अर्धं पान आणि लेकीचं एकच वाक्य. मी त्या वाक्यापासूनच सुरुवात करते. ‘ती घाबरली आहे’ असं तुम्ही त्यापुढे लिहिलंत. मला तसं वाटत नाही. तिनं हिशेब केलाय. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास (त्याला तिकडे ‘मेइवाकु’ म्हणतात) नको, हे जपानी शाळेत बालवाडीपासून अंगात मुरवतात. ते तिच्या बोलण्यात आलंय. फक्त हिशेब एकाच बाजूचा झालाय. ती थ्रो जंपवर, म्हणजे त्यानं फेकून मारलेल्या उडीवर, पडली तर एक गुण वजा होतो, त्या एलिमेंटचे (कार्यक्रमातल्या त्या करामतीचे) गुण घसरतात, आणि हे दोघांच्या नावावर जातं, खरंच आहे. पण लिफ्टमध्ये, तिला डोक्यावर उचललेलं असताना, तो अडखळला तर ती दोन मीटरवरून बर्फावर येते. तिनं त्याचे गुण घालवायचे आणि त्यानं तिचा खांदा, असा हा व्यवहार आहे. तेव्हा ‘मी त्याला ओझं होईन का’ याच्या जोडीला ‘याच्या हातात मी स्वतःला सोपवीन का’ हाही प्रश्न तिनं विचारायला हवा. तो विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि तो अजून घरात कुणी तिच्यापुढे ठेवलेला दिसत नाही.

आता तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला: ‘निदान पेअर’. हा ‘निदान’ काढून टाका. तो कुठून येतो ते समजतं. जपानमध्ये मुलींच्या एकेरीत अक्षरशः रांग आहे. काओरी साकामोतो २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं विश्वविजेती. खाली ज्युनिअरमध्ये माओ शिमादा, जिनं ट्रिपल ॲक्सल आणि चौपट टो-लूप मारत २०२३, २०२४, २०२५ अशी तीन ज्युनिअर विश्वविजेतेपदं घेतली. राष्ट्रीय स्पर्धेत चोवीस मुली फ्री स्केटपर्यंत (शॉर्ट प्रोग्रामनंतरच्या दुसऱ्या, मोठ्या फेरीपर्यंत) पोचतात आणि त्यातून ऑलिंपिकला जास्तीत जास्त तिघी. पेअरमध्ये त्याच स्पर्धेला अनेकदा दोन-तीन जोड्याच असतात. आई-बापांना हे आकडे दिसले की डोळे चमकतात. पण कमी गर्दीचा रस्ता म्हणून पेअरकडे वळलेलं मूल पहिल्या मोठ्या आपटीनंतर परत फिरतं, कारण त्या आपटीला पुरेल असं काही त्याच्याकडे नसतं.

फ्लिप आणि लुट्झ बसत नाहीत याचं पेअरमध्ये तितकं अडत नाही. शेजारी-शेजारी मारायच्या उड्यांना टो-लूप किंवा साल्कोवसारखी एखादी पक्की ट्रिपल असली तरी पुष्कळ जोड्यांचं भागतं. मात्र जे नव्यानं शिकायचं ते वेगळ्याच जातीचं आहे. थ्रो जंप घ्या. तो कमरेला धरून फेकतो, पण ती काही गोणी नव्हे; उडी तिच्या स्वतःच्या ब्लेडच्या कडेवरूनच निघते, त्याचा जोर तिच्या जोरात मिसळतो. एरवीपेक्षा ती कितीतरी लांब आणि उंच जाते आणि खाली येते तेव्हा पुन्हा एकटीच, एका पायावर, मागे सरकत, ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर. ट्विस्टमध्ये डोक्यावर फेकली जाऊन, गरगर फिरून, त्याच्या हातात कमरेवर परत यायचं. तिथे मोह होतो त्याचे खांदे लवकर धरायचा. लवकर धरले की सगळं बिघडतं. नऊ वर्षं बर्फावर सगळं स्वतः सावरायला शिकलेल्या मुलीला हे न धरणं फार जड जातं, असं पेअरमध्ये गेलेले स्केटर सांगतात. मी स्वतः बर्फावर कठडा सोडून दोन पावलं गेलेली नाही, त्यामुळे हे ऐकीव समजा.

तुम्ही र्‍यूइची किहाराचं नाव लिहिलंय. नागोयात राहता, त्याचं गाव तोकाई तुमच्याजवळच. पण तुम्ही त्याची २०२३ची सायतामातली विश्वविजेतेपदाची गोष्ट लिहिलीत. मला त्याआधीची दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. तोही एकेरीचाच. २०१४च्या सोची ऑलिंपिकपासून सांघिक स्पर्धा सुरू होणार होती, तीत पेअर लागतेच, आणि जपानकडे मुलगे नव्हते. २०१३मध्ये, विसाव्या वर्षी, तो नारुमी ताकाहाशीबरोबर पेअरमध्ये गेला. सोचीत पेअरच्या स्वतंत्र स्पर्धेत ते शॉर्ट प्रोग्रामनंतरच बाहेर पडले. मग मिऊ सुझाकी. २०१८ला प्योंगचांगमध्ये पुन्हा तेच, पेअरच्या स्पर्धेत फ्री स्केट नाही. २०१९मध्ये ती जोडीही सुटली. तो नागोयातल्या एका रिंकवर अर्धवेळ काम करत होता, बूट देणं-घेणं वगैरे, आणि खेळ सोडायचा विचार चालला होता. वय सव्वीस. तेव्हा त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान रिकू मिऊरानं एकत्र करून बघू म्हणून विचारलं. पहिल्याच ट्रायआउटमध्ये ट्विस्ट इतका उंच गेला की दोघांनाही कळलं. त्याच वर्षी कॅनडात पेअरचे कोच ब्रुनो मार्कोट यांच्याकडे गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

हा माणूस सहा वर्षं तोच होता. तोच खांदा, तीच मेहनत. बदलली ती जोडीदार, कोच आणि जागा. म्हणून मी तुम्हाला म्हणते की ‘सिंगल्स की पेअर’ हा प्रश्नच जरा चुकीचा मांडलाय. कुणाबरोबर, कुणाच्या हाताखाली आणि कुठल्या बर्फावर, हे ठरल्याशिवाय पेअर म्हणजे काय हे तिला कळणारच नाही.

कोच सांगतात तो मुलगा चांगला असेल. पण जपानमध्ये पेअर करू इच्छिणारे मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे मुलीकडच्यांवर एक न बोललेला दबाव येतो: मिळालाय ना, मग हो म्हणा. आपल्याकडे स्थळांच्या बाबतीत हे होतं ते तुम्हाला सांगायला नको. एका ट्रायआउटवर हो म्हणू नका. दोघांना तीन-चार वेळा एकत्र बर्फावर येऊ द्या, आणि लिफ्ट-थ्रोकडे नंतर बघा. आधी नुसते हातात हात घेऊन चकरा मारताना बघा. पावलाची लांबी जुळते का? वळणावर कोण कुणासाठी वेग कमी करतो? तिचं काही चुकलं की तो लगेच पुन्हा करू म्हणतो की आधी विचारतो, काय झालं? माझा भरवसा या शेवटच्या गोष्टीवर जास्त.

आणि पासपोर्ट. तो कॅनडात वाढलाय म्हणालात म्हणून हे सांगतेच. विश्व अजिंक्यपद स्पर्धेत जोडीतल्या दोघांचं नागरिकत्व वेगळं असलं तरी चालतं, ऑलिंपिकला चालत नाही. नारुमी ताकाहाशीनं किहाराच्या आधी मर्विन ट्रान या कॅनडाच्या मुलाबरोबर २०१२ला नीसमध्ये कांस्य जिंकलं होतं, जपानचं पेअरमधलं पहिलं विश्वपदक. पण ऑलिंपिकला जायचं तर ट्रानला जपानी व्हावं लागणार होतं. ते घडलं नाही आणि त्याच वर्षी जोडी फुटली. या मुलाकडे दोन्ही पासपोर्ट असतील, तर जपानच्या कायद्याप्रमाणे वीस वर्षं पूर्ण होण्याआधी एक निवडावा लागतो, म्हणजे त्याच्या हातात फार तर वर्षभर आहे. त्याच्या आईला सरळ फोन करून विचारा. यात संकोच कसला?

उलट्या दिशेचीही एक गोष्ट आहे, ती लेकीला सांगा. चिबाकडची यूको कावागुची एकेरीच खेळायची. १९९८ला नागानो ऑलिंपिकमध्ये तिनं येलेना बेरेझ्नाया आणि अंतोन सिखारुलिद्झे यांना पाहिलं आणि त्यांच्या कोच तमारा मोस्कविना यांच्याकडे, मला पेअर शिकवा म्हणून, पत्रानं पाठपुरावा केला. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची. पुढे ती सेंट पीटर्सबर्गला राहिली, अलेक्झांडर स्मिर्नोवबरोबर रशियाकडून खेळली, दोनदा युरोपियन विजेती झाली. त्यासाठी तिला जपानचं नागरिकत्व सोडावं लागलं. एवढी किंमत मोजायला मी कुणाला सांगणार नाही. मला त्यातली सुरुवात आवडते: तिला कुणी ढकललं नव्हतं, तिनं बघितलं आणि तिला हवंसं वाटलं. तुमच्या चार पानांत, लेकीला पेअर बघायला आवडतं का, हे कुठेच नाही.

शरीराबद्दल थोडं कडक बोलते. १४८ उंची आज कोचना आवडलीय. ती पंधरा वर्षांची आहे, अजून वाढू शकते. आधी बालरोगतज्ज्ञांकडून किती वाढ बाकी आहे ते समजून घ्या, आणि पाळी नियमित आहे का हे दर महिन्याला तुम्हाला माहीत असलं पाहिजे. पेअरमध्ये मुलीच्या वजनावर बोलायची सवय लवकर लागते, कारण कुणाला तरी ते उचलायचं असतं. एखादा कोच किंवा जोडीदार तिला कमी खायला सांगू लागला, तर त्याच आठवड्यात तिला तिथून काढा. त्याला ताकद कमी पडत असेल तर त्यानं जिम वाढवावी. किहारालाही पेअरसाठी नवं शरीर कमवावं लागलं होतं. दुखापती होतातच. २०२२च्या उन्हाळ्यात मिऊराचा खांदा निखळला, २०२३ला किहाराच्या कमरेच्या मणक्याचं दुखणं निघालं आणि अर्धा मोसम गेला. म्हणून विचारून घ्या: लिफ्ट आधी जमिनीवर गादीवर शिकवतात का, थ्रो एका फेरीपासून सुरू करतात का, गर्दीच्या वेळेत लिफ्ट करायला लावत नाहीत ना. रिंक भाड्यानं घेऊन सराव करायचा खर्च दोन घरांत वाटला जातो, पण बर्फाचे तास वाढतात, त्यामुळे पेअर स्वस्त पडेल या भ्रमात राहू नका.

आणि पंधरा वर्षांची मुलगी, एकोणीसचा मुलगा. सरावाला कोच हजर, प्रवासात खोल्या वेगळ्या, मेसेज पालकांसह गटात. पहिल्या दिवशीच, दोन्ही घरांसमोर, हसत-खेळत हे ठरवून टाका. नंतर ठरवायला गेलं की तो संशय वाटतो.

शाळेचं म्हणाल तर तुमच्या यजमानांशी मी सहमत आहे, पण त्यांच्या कारणानं नाही. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आहे आणि ही जोडी टिकेल की नाही हे कळायला सहा महिने लागतील. न झालेल्या जोडीसाठी शाळा निवडू नका. नागोयाजवळच रोजची शाळा धरा, एकेरीचा सराव चालू ठेवा. जपानमध्ये एखाद-दोन मोसम दोन्ही खेळलेले स्केटर आहेत. तोयोतातला चुक्यो विद्यापीठाचा रिंक तुमच्या टप्प्यात आहे. पुढे क्योतोजवळ उजीला, जिथे पेअरचा सराव नीट चालतो, जावंच लागलं, तर तेव्हा पत्रद्वारा हायस्कूलचा पर्याय आहेच. तिकडे पुष्कळ खेळाडू तोच घेतात, त्यात कमीपणा नाही.

राहिल्या तुमच्या आई. त्यांना थ्रोचा व्हिडिओ दाखवून पटवायला जाऊ नका, त्या अजून घाबरतील. मिऊरा-किहाराचा सायतामातला फ्री स्केट शेवटापासून दाखवा. त्या दिवशी चुका झाल्या होत्या, आणि तरी ते जिंकले. संगीत थांबल्यानंतर दोघं एकमेकांशी कसे वागतात तेवढं बघू द्या. लेकीलाही तेच दाखवा. आणि गुणांचा तक्ता उघडून दाखवा: पडल्याची खूण एलिमेंटसमोर असते, कोण पडलं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

ट्रायआउटहून परतताना गाडीत ‘कसं झालं’ विचारू नका. जेवू द्या, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी ती आपणहून काय सांगते ते ऐका: ती त्याच्या चुका सांगते, स्वतःच्या सांगते, की ‘आम्ही’ म्हणते. तिचे शब्द जसेच्या तसे, जपानीत असतील तर जपानीतच, एका कागदावर टिपून ठेवा, आणि परीक्षा झाली की मला पाठवा.