थायलंडच्या राजांची ‘दफनस्थाने’ म्हणावीत का?

विचारणा अशी आहे: बँकॉकविषयीच्या इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद करताना ‘थायलंडच्या राजांची दफनस्थाने’ असे शीर्षक द्यावे, ‘थडगी’ म्हणावे, की ‘समाध्या’?

‘दफनस्थान’ आणि ‘थडगे’ हे शब्द इथे सरळ बाद करावेत. थायलंडच्या राजांना पुरत नाहीत, अग्नी देतात. राजे भूमिबोल १३ ऑक्टोबर २०१६ रोजी निवर्तले. त्यांचे पार्थिव वर्षभर राजवाड्यात होते आणि २६ ऑक्टोबर २०१७ रोजी सनाम लुआंग मैदानावर त्यांना अग्नी दिला गेला. त्यासाठी सुमारे ५० मीटर उंचीची नऊ शिखरांची इमारत उभारली होती. तिला थाय भाषेत ‘मेरुमात’ म्हणतात, आणि त्यातला मेरू म्हणजे आपल्या पुराणांतला मेरू पर्वतच. अंत्यविधी आटोपला की ही इमारत उतरवून टाकतात, त्यामुळे दहनाच्या जागी काहीच उरत नाही.

म्हणूनच ‘समाधी’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. मराठीत या शब्दाचे पोट मोठे आहे. आळंदीला ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली, तीही समाधी. रायगडावर शिवरायांचे दहन झाले, तिथे बांधलेली वास्तूही समाधी. दोन्हीकडे देहाचे जे झाले ते त्या एका जागी झाले, हे आपण गृहीत धरतो. थाय राजांच्या बाबतीत ती एक जागाच नसते.

आपल्याकडे राख सावडतात, तसा तिथेही दहनानंतर अस्थी वेचण्याचा विधी होतो. मात्र पुढे अस्थी आणि रक्षा यांची रवानगी वेगवेगळ्या ठिकाणी होते. अस्थी राजवाड्यात, चक्री महाप्रासादात जातात. रक्षा एखाद्या विहारात जाते. भूमिबोल यांची रक्षा तर राचबोफित आणि बोवोन्निवेत अशा दोन विहारांत विभागली आहे. यासाठीचे थाय शब्द मराठी माणसाने मुद्दाम ऐकावेत असे आहेत. अस्थींना ‘अत्थि’, आणि राजाच्या रक्षेला ‘राचसरीरांखान’, म्हणजे राज, शरीर आणि अंगार. आपल्याकडे ‘अंगार’ म्हणजे धगधगता निखारा, पण ‘अंगारा’ म्हणजे देवाची राख, हे आठवले की थाय शब्द परका वाटत नाही.

रक्षेसाठी बऱ्याचदा वेगळी वास्तूही नसते. सध्याच्या चक्री घराण्याचे राजे पहिले राम, दुसरे राम असे क्रमाने ओळखले जातात, आणि थाय भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार. पहिले राम यांची रक्षा वाट फो विहारात मुख्य बुद्धमूर्तीच्या बैठकीत आहे, दुसरे राम यांची वाट अरुणमध्ये, पाचवे राम म्हणजे चुलालोंगकोर्न यांची वाट बेंचमाबोफितमध्ये. सातवे राम, प्रजाधिपोक, यांची कथा तर फार हलवणारी आहे. १९३५ मध्ये गादी सोडून ते इंग्लंडमध्ये राहिले, १९४१ मध्ये तिथेच वारले आणि लंडनच्या गोल्डर्स ग्रीन इथे त्यांचे दहन झाले. त्यांच्या राणीने १९४९ मध्ये त्यांचे अवशेष मायदेशी आणले. वेगळी वास्तू नसलेल्या ठिकाणी ‘समाधी’ लिहिले तर वाचक चौथरा शोधत फिरेल. ‘बुद्धमूर्तीच्या बैठकीत रक्षा ठेवली आहे’ असे क्रियापदाने सांगणेच बरे.

वास्तू असेल तिथे मात्र उत्तम शब्द आपल्याच घरात आहे. थाय ‘चेदी’ म्हणजे पालीतले ‘चेतिय’, आपले ‘चैत्य’. जुनी राजधानी अयुथ्या इथल्या वाट फ्रा सी सान्फेतमधल्या ओळीने उभ्या तीन चेदी तीन राजांसाठी बांधल्या आहेत. त्यांना ‘अस्थिचैत्य’ म्हणावे, अर्थ नेमका पोचतो.

सर्वांत जास्त फसवतो तो ‘सुसान लुआंग’. बँकॉकच्या वाट राचबोफितच्या आवारात चुलालोंगकोर्न यांनी आपल्या कुटुंबीयांसाठी स्मारकांचा हा समूह उभारला. त्यातल्या चार सोनेरी चेदी त्यांच्या चार राण्यांशी निगडित आहेत. त्यांपैकी राणी सुनंदा ३१ मे १८८० रोजी नाव उलटून लेकीसह बुडाली. ‘लुआंग’ म्हणजे राजाचा, आणि ‘सुसान’ हे पाली रूप आपल्या ‘श्मशाना’चे, म्हणजे ‘मसणा’चे सख्खे भावंड. म्हणून कोणी ‘राजस्मशान’ लिहील, पण मराठीत स्मशान म्हणजे जाळण्याची जागा. इथे प्रेते जाळत नाहीत, रक्षा जतन करतात. मी ‘राजघराण्याची स्मारकभूमी’ असे लिहीन.

‘थडगे’ आणि ‘कबर’ हे शब्द थायलंडबाबत वर्ज्य आहेत असे मात्र नाही. अयुथ्याच्या दरबारात मोठ्या पदाला चढलेले इराणी शेख अहमद यांची कबर अयुथ्यातच आहे. अमेरिकन मिशनरी डॉक्टर डॅन बीच ब्रॅडली १८७३ मध्ये वारले, त्यांचे थडगे बँकॉकच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत आहे. शेजारच्या ब्रह्मदेशाचा राजा थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीत वारला. तो बौद्धच होता, तरी त्याचे दहन झाले नाही, रत्नागिरीतच त्याचे थडगे आहे. तेव्हा नुसत्या धर्मावरून शब्द ठरवू नये. देहाचे काय केले ते आधी पाहावे.

शीर्षकासाठी ‘अस्थि-रक्षास्थाने’ हा जोडशब्द चालेल, पण तो जिभेला जड आहे. ‘थायलंडच्या राजांच्या अस्थी कुठे आहेत?’ असे सरळ लिहावे आणि रक्षेचा वेगळा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करावा.