नववीची मुलं उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक या अलंकारांत गोंधळतात. फरक कसा शिकवावा?

व्याख्येपासून सुरुवात करू नका. एकच उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) घेऊन वाक्य फिरवत न्या. दर वेळी नवं उदाहरण दिलं की मुलं उदाहरण पाठ करतात, फरक निसटतो. मी मराठी शिकवताना वर्ग आणि मंडई ही जोडी वापरते (मुलांना ती लगेच पटते!):

- वर्ग मंडईसारखा गजबजला होता: उपमा
- वर्ग जणू मंडईच: उत्प्रेक्षा
- वर्गाच्या मंडईत बाईंचा आवाज बुडाला: रूपक
- हा वर्ग नव्हे, ही तर मंडई: अपन्हुती

उपमेत साम्य सांगितलं जातं, उत्प्रेक्षेत दोन्ही एकच असावीत अशी कल्पना असते, रूपकात ती एकच मानलेली असतात. अपन्हुतीत तर उपमेय सरळ नाकारलं जातं. ही चढती पायरी दिसली की व्याख्या मुलं स्वतःच करतात.

फक्त 'सारखा', 'जणू' या खुणेच्या शब्दांवर विसंबायला शिकवू नका. 'तो सारखा रडतो' यात 'सारखा' म्हणजे सतत. आणि 'तो वडिलांसारखा उंच आहे' ही नुसती माहिती; कल्पनेची चमत्कृती नसेल तर अलंकार नाही.